आपत्तीनंतर कोण किती रडले यावरून मदत ठरवू नका : आपत्ती व्यवस्थापन आणि मानसिक आरोग्याचे धोरण ठरवणाऱ्यांना खुले पत्र

महोदय व महोदया,

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या नद्या पात्र सोडून शेतांत आणि घरांत शिरल्या. मी ज्या शाळेत शिकवते तिथे तेव्हा चार दिवस निवारा केंद्र होते आणि आलेल्या-गेलेल्यांची नोंदवही माझ्याकडे होती. तिसऱ्या दिवशी समुपदेशन करणारे एक पथक आले. त्यांनी सोबत आणलेल्या छापील तक्त्यात तीन रकाने होते : महिला, बालके, एकूण. पुरुषांची नोंद कुठे करायची, असे मी विचारले, तेव्हा पथकातल्या बाईंनी अगदी सहजपणे सांगितले, ''मॅडम, पुरुषांची तशी काही मागणी नसते.'' गावाचे नाव आणि ते पथक कोणत्या कार्यालयाचे होते हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या दिवसभर चिखल तुडवून दमलेल्या माणसांचा नसून त्यांच्या हाती दिलेल्या कागदाचा आहे, आणि तो कागद ज्या समजुतीतून तयार झाला तिचा आहे.

त्या वेळी व्हरांड्यात पन्नाशीचे एक शेतकरी बसले होते. त्यांच्या गोठ्यातली सात जनावरे रात्रीतून वाहून गेली होती, कारण दावी सोडायला ते पोहोचले तोवर पाणी त्यांच्या छातीला लागले होते. त्यातले एक दावे त्यांच्या हातात होते. ते दावे ते मनगटाला गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत. तीन दिवसांत त्यांच्याशी तीन वेळा शासकीय बोलणे झाले आणि तिन्ही वेळा प्रश्न तेच होते : जनावरे किती, दुभती किती, फोटो आहेत का. त्यांनी आकडे सांगितले. मग 'महिला आणि मुलांनी आत यावे' असा पुकारा झाला, आणि त्याच शेतकऱ्यांना कोणीतरी म्हणाले, ''काका, जरा सतरंज्या टाकू लागता का? आणि तो पाण्याचा जारही आत आणा.'' त्यांनी दावे खिशात कोंबले, सतरंज्या अंथरल्या, जार आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन पुन्हा त्याच जागी बसले.

आत एक बाई आपले घर कसे गेले ते सांगत होत्या. सांगता सांगता त्यांचा बांध फुटला. मदत घेऊन आलेल्यांपैकी एकाने मोबाइल समोर धरला होता. त्या थोड्या सावरल्या, तेव्हा तो म्हणाला, ''ताई, आवाज नीट आला नाही, परत एकदा सांगा ना.'' आणि त्यांनी परत सांगितले. नकार देता येतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

एका खोलीच्या आत आणि बाहेर घडलेल्या या दोन गोष्टींसाठी मी हे पत्र लिहीत आहे. माझ्या मते त्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. आपल्या समाजाने दुःखाची वाटणी करून ठेवली आहे : रडणे बाईच्या वाट्याला आणि सावरणे पुरुषाच्या वाट्याला. ज्या यंत्रणेने संकटाच्या वेळी या वाटणीतून माणसांची सुटका करायची, तीच तक्ते छापून ती पक्की करते आहे.

मला हे बोलण्याचा अधिकार कसा, असे कोणी विचारेल म्हणून सांगते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यातून वाचलेली मी एक मुलगी आहे. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते आणि गाव दमून झोपले होते. किल्लारी परिसरातल्या बहुतेक घरांसारखेच आमचे घर होते : मातीत बसवलेल्या दगडांच्या हातभर जाडीच्या भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा थर असलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते माळवदच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यांत माझा चार वर्षांचा भाऊ, माझे चुलते आणि त्यांच्या दोन मुली होत्या. आम्ही चौघे वाचलो : आई, अण्णा, काकू आणि मी.

लष्कराचे जवान आमच्या गल्लीपर्यंत पोहोचायच्या आत अण्णांनी हातांनी दगड उपसून गेलेल्या चारही जणांना बाहेर काढले होते. पाऊस लागून राहिला होता आणि कोरडे सरपण मिळत नव्हते, म्हणून पडलेल्या माळवदांच्या तुळयाच चितेला लावल्या. ज्या तुळईला माझ्या भावाचा पाळणा बांधलेला असे, ती तुळई अण्णांनी स्वतः खांद्यावरून नेली. परत आल्यावर ते एका दगडावर बसले, तेव्हा भावकीतले एक वडीलधारे त्यांना म्हणाले, ''अरे, तूच असा बसलास तर बायका-पोरांकडं कुणी बघायचं?'' अण्णा उठले. पुढची कितीतरी वर्षे ते कोणाच्या देखत तसे बसलेले मी पाहिले नाहीत.

पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा डॉक्टर यायचे. ते आईला विचारायचे, झोप लागते का, भीती वाटते का, रडू येते का. अण्णांना विचारायचे ते मयत किती, जखमी किती, सही कुठे. नव्या वसाहतीत घर मिळाल्यावरही अण्णा कित्येक वर्षे छताखाली झोपले नाहीत. ते अंगणात बाज टाकायचे आणि पाऊस आला की रात्रभर दाराच्या चौकटीत बसून काढायचे. दर विसर्जनाच्या रात्री ते चालत जुन्या गावठाणात जायचे आणि उजाडल्यावर परत यायचे. कोणी विचारले तर 'शेताकडं गेलो होतो' एवढेच सांगायचे. या सगळ्याला लोक 'अण्णांचा स्वभाव' म्हणत. २०१० साली माझा मुलगा चार वर्षांचा झाला. एका दुपारी तो ओसरीवर झोपला होता. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग परसात गेले. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून मी मागे गेले, तर नळ पूर्ण सोडून ठेवलेला होता आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून रडत होते. ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडला होता. माझ्या भावाला जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. तीन वर्षांनी अण्णा गेले.

आईचे दुःख सर्वांना दिसले, म्हणून त्याची कदर झाली असे मात्र कोणी समजू नये. तिने हंबरडा फोडला तो क्षण कोणीतरी कॅमेऱ्यात टिपला आणि एका वर्तमानपत्रात छापून आला. पुण्याच्या एका नातेवाइकाने ते कात्रण जपून आणले, त्याला वाटले आपण काहीतरी मोलाचे आणले आहे. त्या फोटोत तिचा पदर डोक्यावरून घसरलेला होता. पोटचे पोर गेलेल्या माझ्या आईला पुढे अनेक वर्षे त्या पदराची लाज वाटत राहिली. सुरुवातीला 'रडू द्या तिला, मन मोकळं होऊ द्या' म्हणणारेच तीन-चार महिन्यांत 'आता किती दिवस रडणार, दुसरं होईल की' म्हणू लागले. दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. सानुग्रह अनुदान आले तेव्हा सही अण्णांची होती, आणि स्वतःच्या मुलाच्या नावाने किती रक्कम आली हे आईला कोणी सांगितले नाही. तिने विचारले, तेव्हा कोणीतरी म्हणाले की तिला आता त्याचा त्रास नको.

आणि काकू रडलीच नाही. नवरा गेला, दोन्ही मुली गेल्या, आणि ती कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. बायका भेटायला यायच्या, गळ्यात पडायच्या आणि जाताना एकमेकींत म्हणायच्या की बाईचे काळीज दगडाचे आहे. ती रडते की नाही हे बघायला माणसे यायची, हे मी अकरा वर्षांच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तपासायला येणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने ती 'शांत' होती, म्हणून तिच्या नावापुढे काहीच लिहिले गेले नाही.

हे एका घरापुरते नव्हते आणि १९९३ पुरतेही नाही. आपत्तींनंतरच्या अभ्यासांत भीती, नैराश्य आणि आघातोत्तर तणावाचा विकार बायकांमध्ये अधिक, अनेकदा पुरुषांच्या साधारण दुप्पट, आढळतो, हे मानसोपचारतज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. मी ते नाकारत नाही. त्यामागची कारणेही खरी आहेत : निवारा केंद्रात उघड्यावर आंघोळ, रात्री बाहेर जाण्याची धास्ती, आजारी सासू आणि तान्हे मूल दोघांची काळजी एकाच बाईवर, आणि हातात पैसा नाही. पण त्या आकड्यांचा अर्थ पुरुषाला कमी दुःख होते असा लावणे चुकीचे आहे. भीती वाटते का, रडू येते का, असे विचारले तर बाई हो म्हणते आणि पुरुष नाही म्हणतो. त्याचे दुःख दारूत, चिडण्यात, अबोल्यात आणि शेवटी कधी कधी दोरीत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांत दर शंभरांमागे सुमारे ७२ पुरुष होते. सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात होत्या. ज्यांची 'काही मागणी नसते' त्यांच्याबद्दलचे हे आकडे आहेत.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार मोजणीची आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष सांगताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास सांगितले आहे. ती आवश्यकच आहे आणि तिच्यातला एक शब्दही कमी होऊ नये. परंतु बायको आणि लेकरे गमावलेल्या पुरुषासाठी आपल्या कायद्याच्या त्या ओळीत जागा नाही, आणि खाली येता येता ही अनुपस्थिती तक्त्यातल्या रकान्यापर्यंत पोहोचते. त्याच अधिनियमाचे कलम ६१ मदत देताना लिंगावरून भेदभाव करू नये असे स्पष्ट सांगते. मन सावरण्यासाठी मिळणारी मदत ही मदत नव्हे काय?

दुसरी तक्रार अशी की पुरुषाशी यंत्रणा फक्त पंचनाम्याच्या भाषेत बोलते. किती गुंठे, किती जनावरे, किती पोती. सात जनावरांची नावे होती, त्यांतल्या एका गाईला त्या शेतकऱ्यांच्या लेकीने बाटलीने दूध पाजून वाढवले होते. हे त्यांनी मला चौथ्या दिवशी, शाळेचे कुलूप लावताना, आपणहून सांगितले. पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला समुपदेशक व्हा असे मी म्हणत नाही. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर वही मिटून दोन मिनिटे त्या माणसाजवळ थांबता येते आणि 'रात्री झोप लागते का' असे विचारता येते, एवढेच मी म्हणते. हे शिकवण्यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षण पुरेसे आहे.

तिसरी तक्रार बायकांच्या दुःखाच्या प्रदर्शनाची आहे आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त चीड आहे. निवारा केंद्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला रडणारी बाई हवी असते : बातमीसाठी, मदत वाटल्याच्या पुराव्यासाठी, पुढच्या देणगीसाठी. बाईचे रडणे आपल्याकडे सार्वजनिक मानले जाते. मयताच्या घरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाचे गुण सांगत मोठ्याने रडतात. ती फार शहाणी रीत आहे, कारण तिथे ऐकणारीही रडणारीच असते. कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र रडत नसतो. शिवाय एकदा रडण्याचे काम बाईवर सोपवले की निर्णयाचे काम तिच्यावर सोपवायचे नाही, हे ओघाने ठरूनच जाते. घर कुठे बांधायचे, पैसे कोणत्या खात्यात यायचे, मुलीची शाळा सोडवायची का, हे ठरवणाऱ्या बैठकीत ती नसते, कारण 'तिची मनःस्थिती नाही'. अण्णांची मनःस्थिती होती काय?

चौथी तक्रार जुनी आहे, पण पुढच्या प्रत्येक पुनर्वसनात तीच चूक होऊ शकते म्हणून लिहिते. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे कुटुंबांचे गट पाडून २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली आणि बऱ्याच ठिकाणी एकेका गटाच्या घरांच्या ओळी एकीकडे झाल्या. भूकंपाला टिकणारी पक्की घरे मिळाली याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु जुन्या गल्लीत आईच्या ओट्याला लागून ज्या चार बायकांचे ओटे होते, त्या चौघी वेगवेगळ्या टोकांना गेल्या. रुंद रस्ते ओलांडून कोण कोणाकडे जाऊन बसणार? ज्यांच्यासोबत ती रडू शकत होती, त्यांनाच आराखड्याने दूर केले. पुरुषांचा पार जुन्या गावात राहिला आणि नव्या गावात त्याच्या जागी काही झाले नाही. बोलायची दोन्ही ठिकाणे एकदम गेली.

पाचवी तक्रार मुदतीची आहे. पथके पहिल्या पंधरवड्यात येतात. दहावा-तेरावा उरकला, पाहुणे गेले, पत्र्याखाली पहिला उन्हाळा सुरू झाला, की माणूस खरा एकटा पडतो, आणि तेव्हा कोणी नसते. १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मानसिक आधार देणारी टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे आणि ती चांगली सेवा आहे. पण आमच्या शाळेच्या भिंतीवर तो क्रमांक लावलेला असताना चार दिवसांत एकाही पुरुषाला मी तो लिहून घेताना पाहिले नाही. भिंतीवर क्रमांक चिकटवला म्हणजे सेवा पोहोचली, असा हिशेब कृपया करू नये.

आणखी एक गोष्ट तक्रारीत नीट बसत नाही, तरी लिहिते. माळीणला जुलै २०१४ मध्ये, तळियेला जुलै २०२१ मध्ये, इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये डोंगर खाली आला, तेव्हा चिखलातून मृतदेह बाहेर काढणारे बहुतेक सगळे पुरुष होते : जवान, पोलिस, होमगार्ड, गिर्यारोहक मंडळांची पोरे, शेजारच्या वाड्यांतले गावकरी. इर्शाळवाडीत शोध थांबवावा लागला तेव्हा सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि पन्नासहून अधिक माणसे त्या मातीतच राहिली. शोधणाऱ्यांना रिकाम्या हातांनी डोंगर उतरावा लागला. त्यांचा सत्कार झाला, तो व्हायलाच हवा होता. पण लहान मुलाचा देह हातांत घेतलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराशी सत्कारानंतर कोण बोलते?

हे बदलता येते, याचा दाखलाही किल्लारीनंतरच्याच काळातला आहे. ज्या गावांचे स्थलांतर न करता घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करायचे होते, तिथे महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. माझी काकू वर्षभराने माहेरी गेली. ते गाव दुरुस्तीच्या यादीत होते आणि तिथे तिला हे काम मिळाले. घरोघर जाऊन अनुदानाचे हप्ते समजावणे, भिंतीत आडवे दगड घातले का ते पाहणे, गवंड्याशी वाद घालणे, अभियंत्याला प्रश्न विचारणे, हे सगळे तिने केले. दगडाच्या काळजाची म्हणून जिला नावे ठेवली होती, ती एका दुपारी दुसऱ्या एका मुलगी गेलेल्या बाईच्या अर्धवट भिंतीपाशी बसून पहिल्यांदा रडली. तिनेच मला हे सांगितले, आणि रडून झाल्यावर त्या दोघींनी ती भिंत मोजली, असेही सांगितले. कोणी तिला रडवले नाही. तिला काम मिळाले, मान मिळाला, सोबत मिळाली, आणि मग तिच्या वेळेला तिला रडू आले.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट शब्दांत लिहिते.

आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराच्या प्रत्येक तक्त्यात महिला, पुरुष, तृतीयपंथी आणि बालके असे स्वतंत्र रकाने असावेत, आणि झोप, दारू, राग, घराबाहेर राहणे, कामावर न जाणे यांविषयीचे प्रश्न सर्वांना विचारले जावेत. न रडणाऱ्या व्यक्तीपुढे, ती बाई असो वा पुरुष, 'शांत' असा शेरा मारून पान उलटू नये.

प्रत्येक पथकात किमान एक पुरुष कार्यकर्ता असावा आणि त्याने पुरुष जिथे असतात तिथे जावे : पारावर, चहाच्या टपरीवर, खरडून गेलेल्या शेताच्या बांधावर, चावडीपुढच्या रांगेत. 'समुपदेशन' हा शब्दही न वापरता हे काम करता येते. 'काय नाव होतं हो गाईचं' एवढ्याने सुरुवात होते, हे मी अनुभवाने सांगते.

निवारा केंद्रात बायकांसाठी आतून कडी लागणारी एक स्वतंत्र खोली असावी. तिथे कॅमेरा आणि मोबाइलवर चित्रण पूर्ण बंद असावे. केंद्रात इतरत्र चित्रण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि 'नाही' म्हटले तरी मदत थांबणार नाही, हे केंद्रप्रमुखाने पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवावे.

मूल गेल्याचे अनुदान आई आणि वडील या दोघांच्या सहीने आणि संयुक्त खात्यात द्यावे. पुनर्वसन समितीत निम्म्या जागा त्याच गावातल्या बाधित बायकांना द्याव्यात, आणि शेजाऱ्यांना शेजार मिळेल असाच आराखडा व्हावा. संवाद सहायकांसारखे मानधनाचे काम पहिल्या महिन्यातच सुरू करावे.

आधाराचे काम किमान दोन वर्षे चालावे आणि पहिल्या वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक बाधित घरी भेट व्हावी. शोधकार्यात उतरलेल्या जवान, पोलिस, होमगार्ड आणि स्वयंसेवकांसाठी अशीच भेट सक्तीची असावी, म्हणजे ती मागण्याचा कमीपणा कोणालाच घ्यावा लागणार नाही.

यातले बरेचसे नवे नाही. आपत्तींतील मनोसामाजिक आधार आणि मानसिक आरोग्य सेवा यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच प्रसिद्ध केली आहेत, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीला शासनाकडून चालवल्या जाणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. ती तत्त्वे आणि तो हक्क माझ्या शाळेच्या व्हरांड्यापर्यंत का पोहोचले नाहीत, याचे उत्तर मला हवे आहे.

येत्या पावसाळ्याआधी मृग नक्षत्रापर्यंत सुधारित तक्ता आणि निवारा केंद्रांसाठीच्या लेखी सूचना प्रत्येक तहसील कार्यालयात आणि निवारा केंद्र म्हणून नेमलेल्या प्रत्येक शाळेत पोहोचाव्यात, अशी माझी विनंती आहे. आमच्या शाळेची नोंदवही मी जपून ठेवली आहे. त्या छापील तक्त्याच्या समासात मी पेनाने एक चौथा रकाना आखला आणि त्यात एकोणीस पुरुषांची नावे लिहिली. ती वही तपासणीसाठी कधीही मागवावी.

आपली,
किल्लारी परिसरातील एक भूकंपग्रस्त, सध्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका